पाइन वृक्षाच्या शेंड्यावरील संसार

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस हे विस्तीर्ण नगर वसलेले आहे. त्याच्या पूर्वेस सॅन बर्नार्डिनो नावाची पर्वतराजी असून, तिच्या कुशीत समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसात हजार फूट उंचीवर बिग बेअर नावाचे सरोवर आहे. हे सरोवर निसर्गाने घडविलेले नव्हे. पर्वताच्या पायथ्याशी रेडलँड्स गावच्या परिसरात संत्र्यांच्या बागा होत्या. त्यांना बारमाही पाणी मिळावे म्हणून १८८४ साली वर धरण बांधण्यात आले आणि दरी जलमय झाली. मनुष्याने पाणी साठविले ते संत्र्यांसाठी. त्यात मासे वाढले, माशांमागोमाग पाणपक्षी आले, आणि त्या दोहोंच्या आशेने कालांतराने गरुडही येऊ लागले. आज त्या सरोवराजवळच्या अरण्यात, जेफ्री पाइन जातीच्या एका उंच वृक्षावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर, गरुडाच्या एका जोडप्याने आपला संसार थाटलेला आहे. आणि नवल असे की, हा संसार आपल्यापैकी कोणासही, मग तो साष्टी तालुक्यातील असो वा खानापूरच्या रानातील, घरच्या ओसरीवर बसून अहोरात्र पाहता येतो.

याचे श्रेय ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या तेथील एका छोट्या लोकसेवी संस्थेकडे जाते. २०१५ साली तिने घरट्याच्या वरच्या बाजूस एक कॅमेरा बसविला. तो सूर्यप्रकाशापासून मिळालेल्या विजेवर चालतो. रात्री तो अशा किरणांच्या साहाय्याने पाहतो की जे मनुष्याला दिसत नाहीत आणि गरुडालाही दिसत नाहीत. त्यामुळे पक्ष्यांच्या झोपेत यत्किंचितही व्यत्यय येत नाही. पुढे २०२१ साली दुरून सरोवरासह सर्व देखावा दाखविणारा दुसरा कॅमेराही बसविण्यात आला. कॅमेऱ्याची सर्व डागडुजी घरट्याचा हंगाम नसतानाच उरकावी लागते. एकदा हंगाम सुरू झाला म्हणजे कोणीही त्या वृक्षावर चढत नाही. कॅमेरा बंद पडला तरी नाही, आणि घरट्यात काहीही घडले तरी नाही. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

हा गरुड इंग्रजीत ‘बॉल्ड ईगल’ या नावाने प्रसिद्ध आहे. शब्दकोश उघडून कोणी त्याचे भाषांतर ‘टकल्या गरुड’ असे करील तर त्या राजबिंड्या पक्ष्यावर मोठाच अन्याय होईल. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा रोख पांढऱ्या रंगाकडे होता. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे डोके व शेपटी शुभ्र असते, अंग गडद तपकिरी, चोच पिवळी. हा वेष त्याला वयाच्या सुमारे पाचव्या वर्षी लाभतो; तोवर ते सर्वांगी मळकट तपकिरीच असते. मादी नरापेक्षा आकाराने मोठी असते. पंखांचा विस्तार सहा ते साडेसात फूट. अशा पक्ष्याचा आवाज गगनभेदी असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो किनऱ्या स्वरात किलबिल केल्यासारखा ओरडतो. चित्रपटांत गरुडाच्या तोंडी जी भयकारी किंकाळी घातलेली असते ती बहुधा दुसऱ्याच एका ससाण्यासारख्या पक्ष्याची उसनी घेतलेली असते!

आमच्या किनारपट्टीवरील वाचकांना या पक्ष्याचा एक नातलग परिचयाचा असेल. कोकण आणि गोव्याच्या समुद्रकाठी उंच झाडांवर काटक्यांचे मोठे घरटे बांधून राहणारा, पांढऱ्या पोटाचा, मासे व समुद्रसर्प पकडणारा समुद्री गरुड तो हाच. वर्षानुवर्षे तेच घरटे दुरुस्त करून वापरण्याची त्याची रीत अमेरिकन गरुडाप्रमाणेच आहे. बाकी गरुडाची आपली ओळख देवळातली. शुभवर्तमानकार संत योहानाच्या पायाशी पंख पसरून बसलेला गरुड आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. परंतु तो सदैव मोठा आणि गंभीर असतो. त्याचे पिल्लू कसे दिसते हे शिल्पकाराने कधी दाखविलेले नाही.

आज या जोडप्याकडे आपण कौतुकाने पाहतो. पण एक काळ असा होता की ही जातच नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. गरुड हे १७८२ सालापासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर विराजमान आहे, तरी लोक त्याला कोंबड्या व मासे चोरणारा दरोडेखोर समजून गोळी घालीत. १९४० साली त्याच्या रक्षणार्थ कायदा झाला. तोवर दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले आणि युद्धानंतर डी.डी.टी. हे कीटकनाशक शेतांवर व डबक्यांवर मुक्तहस्ताने फवारले जाऊ लागले. ते पाण्यात उतरले, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत गेले. त्याने गरुड मरत नसे. पण मादीच्या शरीरात कवचासाठी चुना नीट जमत नसे. अंड्याचे कवच इतके पातळ होई की उबवण्यास बसलेल्या आईच्याच भाराने ते फुटे. १९६३ साली, अलास्का सोडून, अमेरिकेच्या मुख्य भूभागात केवळ ४१७ जोडपी उरल्याची गणना झाली. त्याच्या आदल्याच वर्षी राचेल कार्सन या विदुषीने या विषप्रयोगाविरुद्ध ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. अखेर १९७२ साली त्या देशात डी.डी.टी.च्या वापरावर बंदी आली. २००७ साली गरुडाचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या केंद्रीय यादीतून काढण्यात आले, आणि २०१९ सालच्या अंदाजानुसार त्याच मुख्य भूभागात ७१,४०० जोडपी नांदत होती.

दक्षिण कॅलिफोर्नियात हे पुनरागमन विशेष कष्टाने झाले. तेथील समुद्रात एका कारखान्याने डी.डी.टी.चा गाळ सोडलेला होता, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या बेटांवर आणून सोडलेल्या गरुडांची अंडीही टिकेनात. कॅटालिना बेटावर संशोधक घरट्यातील खरी अंडी काढून घेत, त्या जागी खोटी ठेवीत, खरी अंडी यंत्राच्या उबेत उबवीत आणि पिल्लू बाहेर आले की ते नेऊन पुन्हा त्या भाबड्या आईबापांच्या ओटीत घालीत. २००६ साली सांताक्रूझ बेटावर अशा मदतीवाचून पहिले पिल्लू जन्मले; पन्नासाहून अधिक वर्षांत असे घडले नव्हते. आपल्याकडे गिधाडांचे जे झाले ते या कथेशी किती जुळते! गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि आकाशात घिरट्या घालणारे थवे पाहता पाहता दिसेनासे झाले. गुरांसाठी त्या औषधाच्या वापरावर भारताने २००६ साली बंदी घातली. पण आमच्या मुलांना गिधाड अद्याप चित्रातच दाखवावे लागते.

बिग बेअरच्या दरीतील मादीस जॅकी म्हणतात. २०१२ साली या दरीत प्रथमच गरुडाचे एक पिल्लू वाढल्याची नोंद झाली. ते पिल्लू म्हणजेच जॅकी असावी असा निरीक्षकांचा समज आहे. तिचा सध्याचा जोडीदार २०१८ साली आला. आधीच्या नराच्या घरट्याभोवती तो सावलीसारखा रेंगाळत राहिला, हळूहळू पहिल्याला हुसकावून त्याने संसारात पाय रोवला, आणि म्हणून त्याचे नाव शॅडो, म्हणजे सावली, असे पडले. अशा घुसखोराविषयी आरंभी कोणाचे मत अनुकूल असणार? पण २०१९ साली दोन पिल्ले वाढविताना त्याने पित्याची कामे इतक्या मनोभावे केली की टीकाकारांची तोंडे बंद झाली. त्या दोन पिल्लांपैकी सिम्बा उडून गेले; कुकी मात्र मे महिन्यात अवेळी आलेल्या हिमवादळात गारठून मरण पावले.

त्यानंतरची वर्षे खडतर गेली. २०२० साली अंडी उबलीच नाहीत. २०२१ साली पहिल्या खेपेची अंडी डोमकावळ्यांनी नासविली. दुसऱ्या खेपेत एक पिल्लू कवच फोडता फोडताच गेले आणि दुसरे अंडे तसेच राहिले. २०२२ साली दोनांपैकी एका अंड्यातून स्पिरिट नावाचे पिल्लू निघाले आणि मेअखेर सुखरूप उडाले. २०२३ साली पुन्हा डोमकावळे आले. २०२४ साली जॅकीने तीन अंडी घातली. त्या फेब्रुवारीत एक मोठे हिमवादळ झाले, तेव्हा ती सुमारे बासष्ट तास अंड्यांवरून हलली नाही. पाठीवर बर्फाचा थर चढला, डोके तेवढे बाहेर राहिले. शॅडो मधूनच येऊन जागा मागे, पण ती उठेना. एवढे करूनही त्या अंड्यांतून काही निष्पन्न झाले नाही. या जातीची अंडी साधारण पस्तीस दिवसांत, आणि या उंच थंड प्रदेशात अडतीस ते चाळीस दिवसांत उबतात. ते दिवस उलटले, मार्च उलटला, साठ दिवस झाले, तरी दोघे आळीपाळीने बसतच होती. जॅकीने पुढे बसणे कमी केले. शॅडो मात्र बसे, मधूनच उठून अंडी चोचीने अलगद फिरवी, त्यांच्याकडे पाही आणि पुन्हा बसे. एप्रिलमध्ये अखेर तेही संपले.

आम्ही हे इतक्या तपशिलाने सांगतो त्याचे कारण असे की, २०२५ सालच्या जानेवारीत जेव्हा पुन्हा तीन अंडी दिसली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात आनंदापेक्षा धास्तीच अधिक होती. २२, २५ आणि २८ जानेवारी या तीन दिवशी एकेक अंडे आले. दुसरे अंडे येईपर्यंत जॅकी व शॅडो पहिल्यास पूर्ण ऊब देत नव्हती. हा त्यांचा हलगर्जीपणा नव्हे. पहिले पिल्लू फार आधी जन्मले तर ते मागाहून येणाऱ्या भावंडांना दाणादाण करून सोडते. म्हणून पहिल्याची वाढ थोडी रोखून धरायची, ही त्यांची उपजत समज. झालेही तसेच. ३ मार्चच्या रात्री चाळीस दिवसांच्या पहिल्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले, आणि अडतीस दिवसांच्या दुसऱ्यातून काही तासांतच, ४ मार्चच्या पहाटे. तिसऱ्याला ८ मार्च उजाडला.

तेथील रात्र म्हणजे आपला दिवस. त्या काळी कॅलिफोर्नियाची घड्याळे आपल्यामागे साडेतेरा तास होती. त्यामुळे पहिली दोन पिल्ले आपल्याकडे ४ मार्चला, भस्म बुधवारच्या आदल्या दिवशी जन्मली. गोव्यात इंत्रूजचा तो शेवटचा दिवस. बाहेर ढोल वाजत होते, आणि आम्ही घरात एका छोट्या पडद्यावर करड्या प्रकाशात एक पांढरे अंडे पाहत बसलो होतो. अंड्याला प्रथम टाचणीएवढे छिद्र पडते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक कठीण टोकदार उंचवटा असतो, त्याने ते आतून कवच टोचीत असते. पहिल्या छिद्रापासून बाहेर पडेपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. मध्ये ते दमून तासन्‌तास निपचित पडते. आई मान वाकवून ऐकते. आतून बारीक चिवचिव येत असते, ती कॅमेऱ्यासही ऐकू येते. पण ती कवचाला चोच लावीत नाही. सुईण इतकी जवळ असून हात आखडून बसते याचे आमच्या घरातील आजीबाईंना फार आश्चर्य वाटले.

बाहेर आलेले पिल्लू शंभर ग्रॅमही भरत नाही. करडी ओली लव, मिटलेले डोळे, लटपटणारे डोके. त्याच्याशेजारी आईबापांची ती प्रचंड नखे! अशा वेळी जॅकी आणि शॅडो आपल्या पंज्यांच्या मुठी वळून चालतात. ज्या नखांनी सरोवरातून जिवंत मासा उचलायचा, ती आत दुमडून, डुलत डुलत, एखाद्या वृद्धाने कोवळ्या रोपांतून पाय टाकावा तशी ती पिल्लांमधून फिरतात. अन्न भरविण्याची रीत तर पाहण्याजोगीच आहे. माशाचा तांदळाएवढा कण तोडायचा, मान वाकडी करून आपली चोच पिल्लाच्या चोचीशी आडवी न्यायची, आणि ते घेईपर्यंत थांबायचे. पिल्लाला नेम साधत नाही. ते कधी आईच्या चोचीऐवजी भावाच्या डोक्यावर चोच मारते, कधी उलटे पडते. आई पुन्हा थांबते. एका घासासाठी पाच वेळा प्रयत्न झालेले आम्ही मोजले आहेत.

शॅडोची हौस काटक्यांची. मासा आणून झाला की तो एखादे लांबलचक लाकूड घेऊन येतो आणि ते घरट्याच्या कडेला बसविण्याची खटपट करतो. ते कधी जॅकीच्या पाठीवर आपटते, कधी पिल्लांवरून सरकते. जॅकी ते उचलून दुसरीकडे ठेवते. तो गेल्यावर ती मांडणी बदलते. तो आल्यावर पुन्हा मूळच्या जागी नेतो. कोणत्या घरात हे चालत नाही? मात्र या काटक्यांचा कुंपणासारखा उपयोग होतो. रांगती पिल्ले कडेवरून पडत नाहीत. गरुडाचे घरटे असे दरवर्षी वाढतच जाते. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे १९६३ साली मोजलेले एक घरटे साडेनऊ फूट रुंद, वीस फूट खोल आणि दोन टनांहून जड भरले होते.

१३ मार्च रोजी बिग बेअरवर पुन्हा मोठे हिमवादळ आले. सोसाट्याच्या वाऱ्यात पाइनचा शेंडा गलबतासारखा हेलकावत होता. तीन पिल्लांपैकी सर्वांत मोठे दहा दिवसांचे, सर्वांत धाकटे पाच दिवसांचे. या वयात त्यांच्या अंगी स्वतःची ऊब धरून ठेवण्याची शक्ती नसते. त्यासाठी लागणारी दुसरी, दाट लव दोन-तीन आठवड्यांनी येते. आपल्याकडे १४ तारखेची, चालीशीतल्या शुक्रवारची दुपार होती. तिकडे काळोखी रात्र. जॅकी पंख छपराप्रमाणे पसरून बसलेली, तिच्याभोवती बर्फ वाढत चाललेला. खाली काय आहे ते दिसण्याचा मार्ग नव्हता. उजाडल्यावर ती उठली, तेव्हा खाली हालचाल करणारी पिल्ले दोन होती.

तीनांपैकी कोणते गेले हे संस्थेलाही त्या वेळी सांगता आले नाही. पुढे तिने त्या पिल्लालाही, एका दिवंगत स्वयंसेविकेच्या स्मरणार्थ, नाव दिले. आमच्या घरी ते कळले तेव्हा मुले रडली. आजीबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की आईने मग काय केले? आम्ही सांगितले की तिने उरलेल्या दोघांना मासा भरविला. त्यावर त्या मान हलवून म्हणाल्या, ‘दुसरे काय करणार ती?’ आजीबाईंची सात मुले; त्यांतली दोन तान्हेपणीच गेली. त्यांच्याविषयी त्या आजवर आमच्याजवळ कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. धाकट्याला कोणत्या पावसाळ्यात ताप आला, त्याला टोपलीतून नदीपार नेताना कोण कोण बरोबर होते, घरी परतल्यावर इतर मुले भुकेली होती म्हणून त्यांनी चूल कशी पेटविली, हे सर्व त्यांनी आमच्या मुलांना शांतपणे सांगितले. पडद्यावर तोवर शॅडो दुसरा मासा घेऊन आला होता.

अशा प्रसंगी पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा संताप अनावर होतो. कॅमेरा लावता येतो, मग शिडी लावता येत नाही काय? वादळाचा अंदाज दोन दिवस आधी होता, मग पिल्ले उचलून उबदार खोलीत का नेली नाहीत? हा प्रश्न निर्दयी मनातून आलेला नाही, म्हणून त्याची टर उडविणे बरे नव्हे. पण उत्तरही समजून घेतले पाहिजे. १९४० च्या कायद्यान्वये गरुडाला किंवा त्याच्या घरट्याला परवान्यावाचून हात लावणे हा गुन्हा आहे. त्या हंगामात वनखाते घरट्याभोवतीचे अरण्यच लोकांना बंद करते. कायदा बाजूस ठेवला तरी, हिमवादळात दीडशे फूट उंच झाडावर माणूस चढला तर जॅकी प्रथम काय करील? ती घाबरून उठेल, आणि ज्या उबेवर तिन्ही जीव तगून आहेत तीच नाहीशी होईल. मोठी पिल्ले असतील तर ती भीतीने पंख फुटण्याआधीच उडी घेतील.

मिनेसोटा राज्यात २०१४ साली असा हस्तक्षेप एकदा झाला. तेथील निसर्गसंपत्ती खात्याच्या कॅमेऱ्यात एक पिल्लू जखमी दिसत होते. लोकांनी त्याचे नाव स्नॅप ठेवले होते. लोकांचा आग्रह इतका वाढला की अधिकाऱ्यांनी त्याला खाली आणले. पंख मोडलेला होता, जखम चिघळलेली होती, बरे होण्याची आशा नव्हती. वैद्यांना त्याला वेदनारहित मरण द्यावे लागले. त्याच राज्यातील खात्याच्या कॅमेऱ्यासमोर २०२३ सालच्या एप्रिलमध्ये, बर्फाच्या भाराने फांदी मोडून, वीस वर्षांचे अवजड घरटे पिल्लासह खाली कोसळले. आमचे मत विचाराल तर, हात न लावण्याचा नियम योग्य आहे. परंतु तो पाळणाऱ्यांना तो सोपा वाटत असेल असे कोणी समजू नये. मनुष्याने जे बिघडविले ते मनुष्याने सुधारावे, कॅटालिनाच्या खोट्या अंड्यांप्रमाणे. हिमवादळ आपण आणलेले नसते.

हा भेद आयोवा राज्यातील डेकोरा गावी स्पष्ट दिसला. तेथे ट्राउट माशांच्या सरकारी पैदास केंद्राजवळच्या कॉटनवूड वृक्षावरील घरटे ‘रॅप्टर रिसोर्स प्रोजेक्ट’ या संस्थेने जगाला दाखविले, आणि २०११ सालच्या हंगामात ते वीस कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. गरुडाचे घरटे घरोघरी पोचले ते तेव्हा. पुढच्याच वर्षी तेथे वाढलेल्या तीन पिल्लांपैकी दोन, उडू लागल्यावर काही महिन्यांत, विजेच्या खांबांवर बसताना धक्का लागून मेली. खांब मनुष्याचे होते. तेथे मनुष्याने लक्ष घातले आणि त्या भागातील खांब पक्ष्यांसाठी निर्धोक करण्याचे काम झाले. उलट २०१८ च्या एप्रिलमध्ये तेथील नर एके दिवशी गेला तो परतलाच नाही. घरट्यात तीन लहान पिल्ले. एकीने ऊब द्यावी तर शिकार कोणी करावी, आणि शिकारीस जावे तर पिल्लांवर पंख कोणी धरावा? त्या वेळीही कोणी मासे नेऊन टाकले नाहीत. पैदास केंद्राचे पाणी जवळ होते हे तिचे भाग्य. ती जाई, थोड्याच वेळात परत येई, तिघांना भरवी, रात्रभर बसे. तिने एकटीने तिन्ही पिल्ले उडण्याजोगी केली.

बिग बेअरच्या दोन पिल्लांची नावे गावच्या शाळांतील तिसरीच्या मुलांनी मतदानाने ठरविली. लोकांनी सुचविलेली नावे पन्नास हजारांहून अधिक होती. त्यांतील निवडक मुलांपुढे ठेवण्यात आली आणि मोठ्यास सनी, धाकट्यास गिझ्मो ही नावे मिळाली. एप्रिलमध्ये त्यांचे रूप पालटले. मऊ लवेतून काळी पिसे डोकावू लागली, पाय पिवळे व बेढब मोठे झाले, आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी भरली की ती दोघे पोटभर जेवलेल्या पाहुण्यांसारखी पालथी पडून झोपत. मेमध्ये घरटे अपुरे पडू लागले. वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवायचे, एक वीतभर उचलले जायचे, घाबरून खाली बसायचे. दुसऱ्या दिवशी हातभर. सनी बाजूच्या फांदीवर गेली की गिझ्मो घरट्यात बसून ओरडे. पूर्वी मुठी वळून चालणारी जॅकी आता मासा टाकून झटकन दूर होई, कारण पिल्लांची नखे तिच्याएवढीच झाली होती आणि त्यांना मुठी वळण्याचे शिक्षण अजून कोणी दिलेले नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघेही उडाली. प्रथम सनीने फांदी सोडली. पडद्यावर ती क्षणभर दिसली आणि चौकटीबाहेर गेली. काही दिवसांनी गिझ्मोही गेले. त्यानंतर काही काळ ती दोघे मासा मिळण्याच्या आशेने घरट्याकडे येत-जात राहिली, आणि मग तीही फेरी थांबली. उन्हाळाभर कॅमेऱ्यात रिकामे घरटे, मागे निळे सरोवर आणि वाऱ्याचा आवाज. पानगळीच्या दिवसांत एका सकाळी शॅडो एक लांब काटकी घेऊन आला आणि ती आडवी घालावी की उभी, याचा विचार करीत बराच वेळ उभा राहिला. थोड्या वेळाने जॅकी आली आणि तिने ती उचलून दुसरीकडे ठेवली.